नक्कल आणि निर्देश : सामायिक कोडाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

एका ग्रंथातील मजकूर दुसऱ्या ग्रंथाच्या उपयोगी आणावयाचा असेल, तर ग्रंथकारापुढे दोन मार्ग असतात. तो मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणे हा एक. मूळ ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ सांगून वाचकाला तिकडे पाठविणे हा दुसरा. पहिल्या मार्गात वाचकाची सोय होते. परंतु उतरवून घेतलेला मजकूर त्या क्षणापासून मुळाशी तुटतो आणि मुळात पुढे दुरुस्ती झाली तरी तिचा त्याला पत्ता लागत नाही. दुसऱ्या मार्गात मुळाशी संबंध टिकतो. परंतु तो ग्रंथ, आणि त्याची तीच आवृत्ती, वाचकाच्या हाताशी असावी लागते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही अडचण चांगली परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती नकलांच्या परंपरेत मूळ पाठ झाकला जाऊ लागला होता म्हणूनच.

संगणकाच्या प्रोग्रामांचा इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे, आणि एवढ्या अल्प अवधीतही हाच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला दिसतो. एका प्रकल्पासाठी लिहिलेला कोड दुसऱ्या दहा प्रकल्पांना हवा असतो. त्याची नक्कल करावी की त्याकडे निर्देश करावा? ह्या प्रश्नाला अलीकडच्या काळात मिळालेले एक उत्तर म्हणजे एका रिपॉझिटरीच्या पोटात दुसरी रिपॉझिटरी ठेवण्याची पद्धत होय. रिपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाचा सर्व कोड आणि त्यात वेळोवेळी झालेल्या बदलांची क्रमवार नोंद ज्यात राहते ते भांडार. ही पद्धत कशी उत्पन्न झाली, तिने कोणती अडचण दूर केली आणि कोणती शिल्लक ठेवली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

तयार कोड पुन्हा वापरण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक ह्या यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. वर्गमूळ काढणे, कोनाची साइन काढणे, उत्तर छापणे यांसारखी कामे प्रत्येक नव्या गणितासाठी नव्याने लिहिण्यात श्रम वाया जातात आणि चुकाही होतात, हे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांनी अशा कामांसाठी छोट्या स्वतंत्र प्रोग्रामांचा, म्हणजे सबरूटीनांचा, संग्रह उभारला. ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत संग्रहातील सबरूटीनांची संख्या ८७ झाली होती.

हा संग्रह छिद्रित कागदी पट्ट्यांच्या रूपात होता. ज्याला जी सबरूटीन हवी असेल, त्याने तिच्या पट्टीची यंत्राने नक्कल करून ती आपल्या प्रोग्रामच्या पट्टीत घालावी, अशी व्यवस्था होती. म्हणजे सामायिक कोडाचा आरंभ नकलेपासूनच झाला. मात्र ही नक्कल त्या काळी फारशी बाधक नव्हती. संग्रह आणि त्याचे वाचक बव्हंशी एकाच प्रयोगशाळेत होते. पट्टीत दोष आढळला तर तो सांगावयास दूर जावे लागत नव्हते.

व्हीलर यांचे एक निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे ठरते. १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत सबरूटीनांविषयी बोलताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, सबरूटीन लिहून व तपासून झाली म्हणजे काम संपत नाही. तिच्या अंतरंगाशी परिचय नसलेल्या माणसालाही ती वापरता यावी असे तिचे वर्णन लिहिणे हे काम उरते, आणि कदाचित तेच सर्वांत कठीण असते. कोड दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा म्हणजे त्यासोबत त्याच्या अटीही द्यावयाच्या, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

पुढे ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीच्या आश्रयाने सॉफ्टवेअरविषयक परिषद भरली. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी तेथे असा विचार मांडला की, ज्याप्रमाणे यंत्रशास्त्रात सुटे भाग सूचीतून निवडून घेता येतात, त्याप्रमाणे अचूकता, वेग व भक्कमपणा यांच्या निरनिराळ्या मापांत प्रोग्रामांचे तयार भाग उपलब्ध झाले पाहिजेत. त्यांच्या विवेचनाचा भर अशा भागांच्या निर्मितीवर होता. परंतु यंत्राचा सुटा भाग आणि प्रोग्रामचा सुटा भाग यांत एक मोठा भेद आहे. लोखंडी स्क्रू विकला गेल्यावर बदलत नाही. कोड मात्र प्रसिद्ध झाल्यावरही दुरुस्त होत राहतो. तेव्हा कोणाच्या प्रोग्राममध्ये त्या भागाची कोणती आवृत्ती आहे, हे सांगण्याचे साधन असल्याखेरीज सुट्या भागांचा व्यवहार पुरा होत नाही.

३

आवृत्त्यांची नोंद ठेवणारी साधने ह्यानंतरच्या दोन दशकांत तयार झाली. बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही पद्धत निर्माण केली. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आरसीएस सिद्ध केली. ह्या दोन्ही पद्धतींचा घटक एकेक फाइल हा होता. संपूर्ण प्रकल्प ही एक वस्तू आहे, ही कल्पना त्यांत नव्हती. अ‍ॅमस्टरडॅम येथील डिक ग्रून यांनी आरसीएसच्या पायावर सीव्हीएस रचून १९८६ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि ब्रायन बर्लिनर यांनी १९८९ पासून तिला नवे रूप दिले, तेव्हा अनेक फाइली व अनेक माणसे यांचा एकत्र विचार होऊ लागला.

बर्लिनर ज्या कंपनीत होते तेथे सन कंपनीच्या कार्यप्रणालीचा मूळ कोड घेऊन त्यात स्वतःचे फेरफार करावयाचे होते. मूळ कंपनी नव्या आवृत्त्या काढी, आणि प्रत्येक वेळी जुने फेरफार नव्या मुळाशी जुळवून घ्यावे लागत. त्यासाठी सीव्हीएसमध्ये पुरवठादाराच्या कोडाची एक निराळी शाखा ठेवण्याची सोय करण्यात आली. बाहेरून आलेला मजकूर त्या शाखेत जसाच्या तसा राही. आपले बदल वेगळ्या शाखेत राहत. नवी आवृत्ती आली की दोहोंचा मेळ घालता येई. ही नक्कलच होती, परंतु आपले मूळ विसरू न देणारी नक्कल होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि बहुसंख्य प्रकल्पांत एवढी दक्षता पाळली जात नसे. त्याचा परिणाम मार्च २००२ मध्ये प्रकर्षाने दिसून आला. माहितीचा संकोच करण्यासाठी झाँ-लू गेली व मार्क अ‍ॅडलर यांनी लिहिलेली झेडलिब ही लायब्ररी तोवर सर्वत्र पसरली होती. एकदा मोकळी केलेली स्मृती दुसऱ्यांदा मोकळी करण्याचा दोष तिच्यात आढळला आणि १.१.४ ही सुधारित आवृत्ती काढण्यात आली. ज्या प्रोग्रामांनी लायब्ररीकडे केवळ निर्देश केला होता, त्यांच्यासाठी यंत्रावरील एक फाइल बदलणे पुरेसे होते. परंतु अनेकांनी तिचा कोड आपल्या प्रकल्पात उतरवून घेतला होता. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिच्या नकला होत्या. आवृत्त्यांची काळजी वाहण्यासाठीच जन्मलेल्या सीव्हीएसच्या कोडातही तिची एक नक्कल होती. अशी प्रत्येक नक्कल हुडकून स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागली. नक्कल कोठे कोठे झाली आहे ह्याची यादी मूळ लेखकांजवळ नसते, आणि पुष्कळदा नक्कल करणाऱ्याच्याही स्मरणात राहत नाही, ही ह्या प्रकरणाची शिकवण होय.

४

नकलेऐवजी निर्देश करण्याचा एक प्रयत्न सबव्हर्जन ह्या पद्धतीत दिसतो. तिची सुरुवात २००० मध्ये झाली व १.० ही आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये निघाली. तीत एखाद्या डिरेक्टरीवर ‘एक्स्टर्नल्स’ नावाचा गुणधर्म लिहिता येतो. ‘ह्या ठिकाणी अमुक पत्त्यावरील कोड आणून ठेवावा’ असा त्याचा आशय असतो. प्रकल्पाची प्रत काढताना सबव्हर्जन तो कोड आपोआप आणते. दहा प्रकल्पांनी एकाच पत्त्याकडे बोट दाखविले, तर मुळात झालेली दुरुस्ती दहाही ठिकाणी पोचते.

परंतु निर्देशाचेही प्रकार असतात. भाषेत ‘आज’, ‘येथे’, ‘हा’ यांसारख्या शब्दांचा अर्थ ते कोण, केव्हा उच्चारतो यावर अवलंबून असतो. ‘आजचा केसरी’ ह्या शब्दांनी रोज निराळा अंक दर्शविला जातो. ‘४ जानेवारी १८८१ चा केसरी’ ह्या शब्दांनी मात्र कायमचा एकच अंक, म्हणजे त्या पत्राचा पहिला अंक, दर्शविला जातो. एक्स्टर्नल्समध्ये आवृत्तिक्रमांक न लिहिल्यास तो निर्देश पहिल्या प्रकारचा होतो: त्या पत्त्यावर प्रत काढतेवेळी जे असेल ते. अशा प्रकल्पाची दोन वर्षांपूर्वीची स्थिती पुन्हा उभी करू गेल्यास प्रकल्पाचा स्वतःचा कोड दोन वर्षांपूर्वीचा येतो आणि बाहेरून आणलेला कोड आजचा येतो. अशी जोडी पूर्वी कधीच अस्तित्वात नव्हती; मग ती चालली नाही तर नवल नाही. क्रमांक लिहिण्याची सोय सबव्हर्जनमध्ये होती आणि तिच्या मार्गदर्शक ग्रंथात तसा सल्लाही दिलेला होता. पण तो सल्ला होता, नियम नव्हता.

५

एप्रिल २००५ मध्ये बिटकीपर ह्या पद्धतीचा विनामूल्य वापर लिनक्सच्या लेखकांना बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिण्यास घेतले. त्याच वर्षी जुनिओ हामानो यांनी तिची जबाबदारी स्वीकारली. गिटमध्ये प्रकल्पाच्या प्रत्येक नोंदलेल्या स्थितीला, म्हणजे कमिटला, एक नाव मिळते. ते कोणी ठेवीत नाही. त्या स्थितीतील मजकूर, तिच्या पूर्वीच्या कमिटची नावे, लेखक व दिनांक या सर्वांवरून एसएचए-१ ह्या गणिती रीतीने ते काढले जाते आणि चाळीस षोडशमान अंकांत लिहिले जाते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी नाव बदलते.

गिटमधील अंतर्भूत रिपॉझिटरी, जिला सबमॉड्यूल म्हणतात, ती ह्याच नामपद्धतीवर उभी आहे. मे २००७ मधील १.५.२ ह्या आवृत्तीत तिचा पाया घातला गेला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील १.५.३ मध्ये ‘सबमॉड्यूल’ ही आज्ञा वापरात आली. मुख्य प्रकल्पाच्या डिरेक्टरीच्या यादीत फाइली व उपडिरेक्टऱ्या यांच्या बरोबरीने एक तिसऱ्या जातीची नोंद असू शकते. तिचा सांकेतिक अंक १६०००० असा आहे. तिच्यात आतल्या रिपॉझिटरीतील कोडाचे एकही अक्षर नसते. केवळ तिच्यातील एका कमिटचे नाव असते. ती रिपॉझिटरी कोठे मिळेल हे ‘.गिटमॉड्यूल्स’ नावाच्या निराळ्या फाइलीत लिहिलेले असते.

ह्या रचनेतील मर्म असे की, तिच्यात नाव आणि पत्ता यांची फारकत केलेली आहे. ‘कोणता कोड’ हे एका ठिकाणी लिहिले जाते आणि ‘तो कोठे मिळेल’ हे दुसऱ्या ठिकाणी. रिपॉझिटरीचे स्थान बदलले तरी नाव तेच राहते. आणि त्या पत्त्यावर दुसरेच काही ठेवले गेले तरी ते त्या नावाखाली खपत नाही. सबव्हर्जनमध्ये जो सल्ला होता तो येथे नियम झाला. दोन वर्षांपूर्वीची स्थिती मागितली, तर आतल्या कोडाचीही त्या वेळचीच स्थिती कोणती ते कळते.

ह्या काटेकोरपणाची किंमत वापरणाऱ्यांना लगेच जाणवू लागली. मुख्य प्रकल्पाची साधी प्रत काढल्यास सबमॉड्यूलच्या जागी रिकामी डिरेक्टरी मिळते. आतला कोड आणण्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागते. आत जाऊन पाहिले तर तेथे कोणतीही शाखा चालू नसते, केवळ एक कमिट उघडलेले असते. तेथेच काम करून नोंदी केल्या आणि मग दुसरीकडे वळले, तर त्या नोंदी हाताशी लागत नाहीत. आतला बदल सर्वांसाठी प्रसिद्ध न करता बाहेरील प्रकल्पाची नोंदच आधी प्रसिद्ध केली, तर इतरांच्या हाती असे नाव पडते की ज्याची वस्तू कोठेच मिळत नाही. ह्यांपैकी काही गैरसोयी पुढील आवृत्त्यांत नव्या आज्ञा व पर्याय देऊन कमी करण्यात आल्या.

एक गोष्ट मात्र कमी होणारी नव्हती, कारण ती गैरसोय नसून त्या रचनेचा अर्थच आहे. मूळ लायब्ररीत दुरुस्ती झाली तरी सबमॉड्यूलचा निर्देश जुन्याच कमिटकडे राहतो. कोणीतरी ती दुरुस्ती पाहावी, तपासावी आणि मुख्य प्रकल्पात नवीन कमिट करून निर्देश पुढे सरकवावा, तेव्हाच ती दुरुस्ती प्रकल्पात येते. झेडलिबसारखा दोष पुन्हा निघाल्यास सबमॉड्यूल वापरणारा प्रकल्पही आपोआप बचावत नाही. त्याला एवढाच लाभ मिळतो की, आपण कोणत्या आवृत्तीवर उभे आहोत हे त्याला शोधावे लागत नाही. ते लिहिलेले असते.

६

ह्या पद्धतीला आक्षेप घेणाऱ्यांनी दोन निरनिराळ्या दिशा धरलेल्या दिसतात. पहिली दिशा सुधारलेल्या नकलेची. एव्हरी पेनारन यांनी २००९ मध्ये ‘सबट्री’ हे साधन लिहिले आणि २०१२ मध्ये ते गिटच्या पूरक साधनांत समाविष्ट झाले. त्यात आतला कोड मुख्य प्रकल्पात प्रत्यक्ष उतरवून घेतला जातो. साधी प्रत काढणाऱ्याला सर्व काही एकत्र मिळते, आणि मुळातील नवे बदल पुढेही आणता येतात. बर्लिनर यांच्या पुरवठादार-शाखेचे हे नवे रूप म्हणता येईल.

दुसरी दिशा विभागणीच नाकारण्याची. एलएलव्हीएम हा कंपायलर-प्रकल्प सबव्हर्जनमधून गिटमध्ये नेण्याची चर्चा २०१६ मध्ये झाली, तेव्हा दोन योजना समोर होत्या: प्रत्येक उपप्रकल्पाची स्वतंत्र रिपॉझिटरी आणि त्या सर्वांना सबमॉड्यूल म्हणून बांधणारी एक छत्ररिपॉझिटरी, अथवा सर्वांची मिळून एकच. एखादा बदल दोन उपप्रकल्पांत एकाच वेळी करावयाचा असेल, तर स्वतंत्र रिपॉझिटऱ्यांत त्याच्या दोन नोंदी होतात आणि त्यांच्यामधील क्षणी प्रकल्प मोडलेला असतो. अखेर दुसरी योजना स्वीकारली गेली व ऑक्टोबर २०१९ मध्ये स्थलांतर झाले. उलट क्यूटी ह्या प्रकल्पाने आपल्या पाचव्या मुख्य आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, स्वतंत्र भाग सबमॉड्यूलांनी जोडण्याची रीत पत्करली. जे भाग एकत्र बदलतात त्यांना एक रिपॉझिटरी सोयीची पडते आणि जे भाग आपापल्या गतीने वाढतात त्यांना निर्देश सोयीचा पडतो, असे ह्या उदाहरणांवरून दिसते.

खुद्द गिटच्या रिपॉझिटरीचा इतिहासही बोधक आहे. पॉल मॅकेरस यांचा गिटके हा स्वतंत्र प्रोग्राम टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच त्याच्या संपूर्ण पूर्वेतिहासासह गिटमध्ये मिळवून घेतला. त्यामुळे गिटच्या इतिहासाला एकाहून अधिक आरंभ आहेत. पुढे २३ फेब्रुवारी २०१७ रोजी गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था यांच्या संशोधकांनी दोन भिन्न फाइलींना एसएचए-१ चे एकच नाव मिळू शकते हे प्रत्यक्ष दाखविले. नाव म्हणजेच मजकूर ह्या तत्त्वावर उभ्या असलेल्या पद्धतीला हा धक्का होता. उपाय म्हणून अशा फसव्या फाइली ओळखणारी एक तयार लायब्ररी त्याच वर्षी मे महिन्यातील २.१३ ह्या आवृत्तीपासून गिटने वापरात घेतली. तिचा कोड प्रथम नक्कल करून घेण्यात आला. नंतर तीच लायब्ररी सबमॉड्यूलच्या रूपानेही जोडण्यात आली, आणि नक्कलही तशीच ठेवण्यात आली. ज्या प्रकल्पात सबमॉड्यूल जन्मास आले तेथेही नक्कल आणि निर्देश शेजारी शेजारी नांदले.

निर्देशावर विसंबण्यातील एक धोका २०१८ मध्ये उघड झाला. सबमॉड्यूलचे नाव ‘.गिटमॉड्यूल्स’ फाइलीतून जसेच्या तसे घेऊन त्याचा डिरेक्टरीच्या मार्गात उपयोग केला जात असे. दुष्ट हेतूने रचलेले नाव देऊन वापरणाऱ्याच्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालविता येत होती; सबमॉड्यूलांसह प्रत काढणे एवढेच त्यासाठी पुरे होते. मे २०१८ मधील २.१७.१ ह्या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला. कमिटचे नाव कितीही निश्चित असले, तरी ज्या मजकुरातून तो निर्देश वाचावयाचा तो परक्याने लिहिलेला असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

७

निश्चित निर्देश ‘कोणता कोड’ ह्या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘तो येथे योग्य आहे काय’ ह्या प्रश्नाचे देत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ ह्या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील कोड एरियान ४ वरून आणलेला होता. तो कोणता आहे याविषयी संशय नव्हता, आणि जुन्या अग्निबाणावर तो नीट चालत असे. परंतु नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक होता. त्यावरून निघालेली ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि यंत्रणा बंद पडली. विशेष म्हणजे जो भाग बिघडला त्याचे उड्डाणानंतर एरियान ५ मध्ये काही कामच नव्हते. कोड पुढे आला, त्याची अट मागे राहिली. व्हीलर यांनी १९५२ मध्ये जे काम सर्वांत कठीण म्हणून सांगितले होते, ते येथे राहून गेले होते.

कागदी पट्टीच्या नकलेपासून चाळीस अंकी नावापर्यंतच्या ह्या प्रवासात कोड वाटून घेण्याचे श्रम नाहीसे झालेले नाहीत. ते कोणी व केव्हा करावयाचे हे बदलत गेले आहे. साध्या नकलेत ते पुढे ढकलले जातात आणि संकटाच्या वेळी एकदम अंगावर येतात. अनिश्चित निर्देशात ते मूळ लेखकावर पडतात, कारण त्याचा प्रत्येक बदल न विचारता सर्वांच्या घरात शिरतो. निश्चित निर्देशात ते वापरणाऱ्यावर पडतात. कोणती आवृत्ती घ्यावयाची, केव्हा बदलावयाची आणि बदलण्यापूर्वी काय तपासावयाचे हे त्याला ठरवावे लागते, आणि त्याचा निर्णय नावानिशी व दिनांकासह नोंदला जातो. सबमॉड्यूलविषयी ज्या तक्रारी होतात त्यांतील बऱ्याच ह्या जबाबदारीच्याच तक्रारी आहेत. ती जबाबदारी पूर्वीही होती, पण कोठे लिहिलेली नव्हती. अंतर्भूत रिपॉझिटरीच्या पद्धतीने ती लिहून ठेवावयास भाग पाडले, एवढे तिचे ऐतिहासिक कार्य मानले पाहिजे.